लाइन लॉस

बत्तीस वर्षं खिडकी क्रमांक चार,
वीज मंडळ, लश्कर, ग्वाल्हेर.
जाळीपलीकडून लोक बिलं नाचवायचे:
"घर बंद था मैडम, ताला लगा था,
फिर इतना कैसे?"
मी चष्म्यावरून बघायची.
मीटर खोटं बोलत नाही, म्हणायची.

आता मीटर माझ्याच हातात,
काडेपेटीएवढं.
उपाशीपोटी तीनशे बारा.
काल दोनशे अठ्ठ्याण्णव.
घर बंद होतं हो,
ताला लगा था.

पहिला संशय गजकवर.
जानेवारीत मुरैन्याची गजक घरात येतेच.
ह्यांनी डबा उचलून माळ्यावर ठेवला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहायची
तारेवर आकडा टाकणाऱ्यांकडे.
पुण्याहून निरंजनचा फोन: "आई, खरं सांग."

मग एकेक फ्यूज काढून बघितला.
पेरू चिरला होता, म्हणून हात साबणानं धुऊन
पुन्हा बोट टोचलं. तीनशे चार.
पट्ट्यांची नवी डबी.
पेन फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून
गोठलं तर नसेल? नवं उघडलं.
दोन युनिट हवेत सोडली,
सुईच्या टोकाशी थेंब आला, बल्बखाली चमकला.
पुरवठा चालू.
ताप नाही, दाढ नाही, लघवीला जळजळ नाही.
डॉक्टरांनी बावीसचे सव्वीस केले, सव्वीसचे तीस.
आकडा ढिम्म.

शेवटी रामश्री सिस्टर म्हणाली, लेटिए ज़रा.
कणकेतली गुठळी शोधावी तशी
दोन बोटं फिरवली पोटावर
आणि माझाच हात धरून तिथं ठेवला.
बेंबीच्या डावीकडे, निऱ्यांच्या आड,
लिंबाएवढं काहीतरी. घट्ट. माझंच.
"रोज यहीं लगाती हैं? क्यों?"

"तिथं दुखत नाही."

बोलून गेले
आणि टेबलावरून उठताच येईना.

अकरा वर्षं.
पहाटे ओट्याशी उभ्यानं, दिवा न लावता,
चहाचं आधण ठेवेपर्यंत उरकायचं.
हात आपोआप तिथं जायचा.
घरात कौतुक होतं,
हिला सुईचं काही वाटतच नाही.

ऑफिसात त्याला शब्द होता.
सबस्टेशनातून शंभर सुटायचे,
गल्लीत सत्तर पोचायचे,
मधल्या तिसांचं काय झालं कुणी विचारत नसे.
लाइन लॉस.
रकान्यात मीच लिहायची,
निळ्या शाईनं, सुवाच्य.

सिस्टरनं पाकिटाच्या पाठीवर पोट काढलं,
चार घरं पाडली, आठवड्याला एक.
गाठीला आता महिनोन् महिने हात लावायचा नाही.
डॉक्टरांनी तीस खोडून वीस केले:
नव्या जागेतून सगळंच पोचेल,
रात्री जपून राहा.

त्या रात्री उजवीकडे टोचलं.
दुखलं.
"आई गं" एवढ्या मोठ्यानं निघालं
की हे पांघरूण फेकून उठले:
काय झालं, काय झालं?
मला हसू आलं.
काही नाही. पोचलं.

तीन वाजता घाम. हात लटपटले. चौसष्ट.
ह्यांनी पाण्यात साखर ढवळली,
पेला हातात नीट बसेपर्यंत धरून राहिले.
पाव तास आम्ही घड्याळ बघत बसलो.
एकशे दोन.
खिडकीबाहेर धुकं, किल्ला कुठे दिसेना.
आता थोडं खाऊन झोप, म्हणाले,
आणि स्टूल ओढून माळ्यावरून डबा काढला.

हातात घेतला तर हलका लागला.
उघडला. किलोभर होती, चारच वड्या तळाशी.

मी चष्म्यावरून बघितलं.
हे लगबगीनं स्टूल जागेवर ठेवायला गेले.